स्वस्त तांदळापायी सिलोनचे कारखाने राहून गेले का? (१९४५ ते १९५६)

(हा एका चर्चेचा धागा आहे. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे; ‘खतावणी’ हे धागाकर्ते.)

खतावणी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा रंगून, सिंगापूर, मनिला ही आशियातली मोठी बंदरे मोडकळीला आली होती. सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, स्थिती वेगळी होती. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर आणि त्यानंतर चार दिवसांनी त्रिंकोमालीवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले, परंतु बेटाच्या भूमीवर लढाई झाली नाही. उलट युद्धाने या बेटाकडे पैसा वळवला. मलाया जपानच्या हाती गेल्यावर दोस्त राष्ट्रांना नैसर्गिक रबर पुरवणारे मोठे ठिकाण सिलोनच उरले. १९४४ मध्ये माउंटबॅटन यांच्या हाताखालील दोस्त सैन्याच्या आग्नेय आशिया कमांडचे मुख्यालय कँडीजवळच्या पेराडेनियाला आले आणि फौजेचा खर्च बेटावर होऊ लागला. युद्धामुळे बाहेरून आणण्यासारखे फारसे काही मिळत नव्हते, म्हणून ही कमाई लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या, रूपाने साठत गेली. युद्धाच्या अखेरीस ती शंभर कोटी रुपयांच्या पुढे होती आणि बेटाची लोकसंख्या ६६ लाखांच्या आसपास होती.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वातंत्र्य मिळाले ते या गंगाजळीसह, चालत्या रेल्वेसह, उत्तम बंदरासह आणि १९३१ पासून प्रौढ मताधिकाराची सवय असलेल्या नागरिकांसह. आशियात इतकी अनुकूल सुरुवात फार थोड्या देशांना लाभली. या सुरुवातीचे पुढे काय झाले, हा माझ्या मते आजही नीट विचारला न गेलेला प्रश्न आहे.

माझे मत स्पष्ट मांडतो. सिलोनच्या पहिल्या सरकारांनी युद्धातून आलेली पुंजी आणि त्यानंतर कोरियन युद्धाच्या तेजीत, म्हणजे १९५० आणि १९५१ मध्ये, रबराने मिळवून दिलेला नफा मुख्यतः खाण्यावर खर्च केला. १९४२ मध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला म्हणून रेशन सुरू झाले होते. युद्ध संपल्यावरही ते राहिले, आणि त्याचा दर बाजारभावापेक्षा इतका कमी ठेवला गेला की पन्नासच्या दशकाच्या आरंभी अन्नावरील सवलतीने सरकारी खर्चाचा जवळपास पाचवा हिस्सा व्यापला. त्याच काळात उद्योग खात्याने युद्धाच्या गरजेपोटी उभे केलेले छोटे कारखाने, प्लायवूडचे, कातड्याचे, काचेचे, रबराचा चीक गोठवण्यासाठी लागणाऱ्या अॅसेटिक आम्लाचे, एकेक करून बंद पडत गेले किंवा कसेबसे तग धरून राहिले, कारण आयात पुन्हा सुरू होताच त्यांना संरक्षण देण्याची तयारी कोणी दाखवली नाही.

ज्या बेटाच्या रबरावर दोस्त सैन्याच्या गाड्या धावल्या, त्या बेटाचा स्वतःचा टायरचा कारखाना केलानियाला उभा राहिला तो १९६७ मध्ये, तोही सोव्हिएत मदतीने. मधल्या दोन दशकांत रबर कच्चे जात होते आणि टायर विकत येत होते.

१९५३ च्या जुलैत अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी रेशनच्या तांदळाचा दर एका मापाला २५ सेंटवरून एकदम ७० सेंट केला. त्यानंतर १२ ऑगस्टला देशभर हरताळ झाला, गोळीबारात माणसे मेली, मंत्रिमंडळाला कोलंबो बंदरात नांगरलेल्या ‘न्यूफाउंडलंड’ या ब्रिटिश युद्धनौकेवर बैठक घ्यावी लागली आणि ऑक्टोबरात पंतप्रधान डडली सेनानायके पायउतार झाले. नव्या सरकारने दर पुन्हा खाली आणला, आणि त्यानंतर तांदळाच्या दराला हात लावायला दीर्घकाळ कोणी धजावले नाही. हाच दर १९४८ पासून दरवर्षी पाच-पाच सेंटांनी वाढवला असता तर हरताळही झाला नसता आणि वाचलेल्या पैशातून रबराचा, नारळाच्या काथ्याचा, चहाच्या यंत्रांचा उद्योग उभा राहू शकला असता. दशकाच्या अखेरीस सल्ल्यासाठी आलेल्या जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी, सिलोनने झाड लावण्याआधीच फळ चाखले, असे म्हटल्याचे सांगतात. मला ते निदान अचूक वाटते. विरुद्ध मत असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे.

पाटबंधारे

आपले आकडे मला मान्य आहेत, पण ‘खाण्यावर खर्च केला’ या शब्दांमागे जो अर्थ आहे तो मान्य नाही. १९३४-३५ मध्ये या बेटावर मलेरियाची जी साथ आली, तिच्यात सुमारे ऐंशी हजार माणसे मेली, आणि त्यात कोरड्या हंगामात अर्धपोटी राहिलेल्या खेड्यांचा वाटा सर्वाधिक होता. ज्यांनी पुढे सत्ता हाती घेतली त्यांनी ही साथ डोळ्यांनी पाहिली होती. १९४६ नंतर घरोघर डीडीटीची फवारणी झाली, प्रसूतिगृहे आणि खेड्यांतले दवाखाने वाढले, रेशनमुळे सर्वात गरीब घरातही ठरावीक तांदूळ पोहोचत राहिला. १९४६ मध्ये दर हजारी २० असलेला मृत्युदर १९४७ मध्ये १४ वर आला. एका वर्षात इतकी घट जगात क्वचितच कोठे झाली असेल. हजारातली सहा माणसे वाचली, याला खर्च म्हणायचे की गुंतवणूक, याचा निवाडा ताळेबंदाच्या रकान्यावरून करू नये अशी माझी विनंती आहे.

आता पैशाविषयी. शंभर कोटींची गंगाजळी हाताशी होती असे आपण लिहिता, परंतु ती लंडनमध्ये होती आणि युद्धाने कर्जबाजारी झालेले ब्रिटन ती हवी तशी काढू देत नव्हते. १९४८ च्या करारात दरवर्षी किती रक्कम मोकळी करायची यावर मर्यादा घातलेली होती. शिवाय ती मोकळी झाली तरी यंत्रे कोठून आणायची? युरोपातले कारखाने स्वतःच्याच पुनर्बांधणीत गुंतले होते. सिलोनला स्वतःची मध्यवर्ती बँक मिळाली ती १९५० च्या ऑगस्टमध्ये; तोवर चलन मंडळाची जुनी वसाहती व्यवस्था होती, जिच्यात जितके स्टर्लिंग तितकाच रुपया छापायचा, त्यामुळे देशांतर्गत उद्योगासाठी पतपुरवठा करण्याचे साधनच सरकारकडे नव्हते.

आणि काहीच उभे केले नाही, हेही खरे नाही. १९४९ मध्ये गल ओया नदीच्या खोऱ्यासाठी विकास मंडळाचा कायदा झाला, इंगिनियागला येथे अमेरिकन कंपनीने धरण बांधले आणि पूर्वेकडच्या जंगलात हजारो कुटुंबांना जमीन मिळाली. १९१८ पासून अभियंता विमलसुरेंद्र ज्याचा पाठपुरावा करत होते त्या लक्षपाना जलविद्युत योजनेचा पहिला टप्पा १९५० मध्ये सुरू झाला. शेतकऱ्याच्या भाताला बुशेलमागे १२ रुपये हमीभाव मिळू लागला आणि १९५० ते १९६० या दहा वर्षांत भाताचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. ज्या देशाला स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरून आणावा लागत होता, त्याने आधी शेताला पाणी द्यायचे की आधी टायर बनवायचे? माझे उत्तर ठरलेले आहे.

१९५३ विषयी एक गोष्ट आपण गाळली. त्या अंदाजपत्रकाने तांदूळ महाग केला आणि त्याबरोबर शाळेतल्या मुलांचे मोफत दुपारचे जेवण बंद केले, रेल्वे आणि टपालाचे दरही वाढवले. लोक रस्त्यावर आले ते केवळ पंचेचाळीस सेंटांसाठी नव्हे.

यंत्रशाळा

दोन्ही बाजूंनी पैशाचाच विचार होतो आहे, म्हणून कारखान्याच्या बाजूने थोडे लिहितो. कारखाना चालतो तो कच्चा माल, वीज, कुशल हात, सुटे भाग आणि गिऱ्हाईक यांच्या जोरावर. यातली एखादी गोष्ट नसेल तर भांडवल ओतून उपयोग होत नाही.

टायरचेच उदाहरण घ्यावे. रबर हा टायरचा एक भाग झाला. त्यासाठी कार्बन ब्लॅक (काजळीची भुकटी) लागतो, धाग्याचे कापड लागते, तारा लागतात, गंधक लागते, आणि हे सारे त्या काळी आयातच करावे लागले असते. एवढे करून ६०-७० लाखांच्या देशात वाहने किती होती? छोट्या बाजारासाठी चालवलेला टायरचा कारखाना पहिली पंधरा वर्षे तोट्यात गेला असता आणि तो तोटा पुन्हा सरकारनेच भरला असता. त्या मानाने कांकेसंतुरैचा सिमेंटचा कारखाना विचारपूर्वक निवडलेला होता. जाफना द्वीपकल्पात चुनखडी विपुल, सिमेंट वजनाला जड म्हणून आयात महाग, आणि धरणे व घरे बांधली जात असल्यामुळे गिऱ्हाईक दारात. १९५० मध्ये तो सुरू झाला आणि टिकला. उद्योगमंत्री जी. जी. पोन्नम्बलम यांनी त्याच्याबरोबर परंतन येथे रसायनांचा आणि वालैच्चेनै येथे कागदाचा कारखाना आणला. कागदाचा कारखाना भाताचा पेंढा आणि गवतावर चालवायचा होता. गोळा करण्याचा खर्च, पेंढ्याचा हंगाम आणि पाण्याची गरज या तिन्ही अडचणी त्याला पुरून उरल्या. एकाच मंत्र्याचे, एकाच काळातले दोन कारखाने, एक सहज चालतो आणि दुसरा धापा टाकतो, याचे कारण भांडवलात सापडत नाही.

मात्र धागाकर्त्यांचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो आणि त्यावर अधिक चर्चा व्हायला हवी. युद्धकाळातले कारखाने संरक्षणाविना मरू दिले गेले. त्यांचा माल ओबडधोबड होता हे खरे, पण चार-पाच वर्षे यंत्रावर काम केलेले कामगार तयार झाले होते, आणि असे कामगार तयार करायला नंतर किती खर्च येतो हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही माहीत आहे. त्यांना का मरू दिले, तर सिलोनचा व्यापार ज्यांच्या हातात होता त्या कोलंबोतल्या ब्रिटिश एजन्सी कंपन्या एका हाताने मळ्यांचा चहा पाठवत आणि दुसऱ्या हाताने विलायती माल आणत. आयातीवर जकात वाढली तर त्यांचा निम्मा धंदा बुडणार होता. सिलोनी श्रीमंतांनी तरी वेगळे काय केले? पन्नासच्या दशकात ब्रिटिश मालक मळे विकू लागले, तेव्हा त्यांनी ते मळेच विकत घेतले. १९५१ मध्ये आलेल्या जागतिक बँकेच्या शिष्टमंडळानेही शेतीला अग्रक्रम देण्याचा आणि सरकारने कारखानदारीत हात आखडता घेण्याचा सल्ला दिला. तांदळाच्या रेशनवर सारा ठपका ठेवला की ही मंडळी सुटतात.

खतावणी

पाटबंधारे, मृत्युदर २० वरून १४ वर आला या यशाचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या घटीत डीडीटीचा, दवाखान्यांचा आणि रेशनचा वाटा किती किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि फवारणीचा खर्च रेशनच्या खर्चापुढे अगदी किरकोळ होता. मी फवारणी थांबवा असे म्हणत नाही, मोफत शिक्षण थांबवा असेही म्हणत नाही. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी १९४५ मध्ये बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत केले, हे मी त्या काळातले सर्वात दूरदृष्टीचे काम समजतो. माझा आक्षेप इतकाच आहे की स्वस्त तांदूळ गरजू आणि सधन असा भेद न करता प्रत्येकाला मिळत होता. कोलंबोच्या सिनॅमन गार्डन्समधल्या बंगल्यालाही तो दर आणि हंबनतोटच्या कोळ्यालाही तोच.

शिक्षणाचा उल्लेख केला म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे. मोफत शाळांतून शिकलेली पहिली मोठी पिढी साठच्या दशकात बाहेर पडली तेव्हा तिच्यासाठी काम नव्हते. सरकारी कारकुनी, शिक्षकी, एवढ्याच वाटा. १९५६ मध्ये सिंहली हीच राजभाषा ठरवणारा कायदा झाला, त्यामागे भाषेच्या अभिमानाइतकीच या मोजक्या नोकऱ्यांची ओढाताण होती, आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये शिकलेल्या बेकार सिंहली तरुणांनी बंड केले तेव्हा ती ओढाताण एकाच भाषिक समाजाच्या आत पोहोचली होती. माणसे जगवली, शिकवली आणि त्यांच्या हाताला काम देण्याचे राहून गेले, हीच माझी तक्रार आहे. त्या अर्थाने आपण दिलेले आकडे माझ्याच बाजूचे आहेत. मृत्युदर झपाट्याने घटणार म्हणजे वीस वर्षांनी कामाला येणारे हात वाढणार, हे १९४८ मध्येही मोजता येत होते.

यंत्रशाळा यांचा बाजारपेठेचा मुद्दा गंभीर आहे. तरीही चहाच्या पेट्यांसाठीचे प्लायवूड, रबरी पादत्राणे, काथ्याच्या दोऱ्या, खोबरेल साबण या वस्तूंना कार्बन ब्लॅक लागत नव्हता आणि गिऱ्हाईक घरातच होते.

मुंबईचा श्रोता

मूळ वादात मी पडत नाही, परंतु बेटाला निवड करण्याची मोकळीक खरोखर किती होती, याबद्दल एक प्रसंग ध्यानात घ्यावा. १९५२ मध्ये कोरियन तेजी ओसरली, रबराचा भाव कोसळला आणि त्याच वर्षी जगात तांदळाची टंचाई होऊन त्याचा भाव चढला. अमेरिकेने युद्धात कृत्रिम रबराचे कारखाने उभारलेले असल्यामुळे सिलोनच्या रबराला बाजारापेक्षा जास्त भाव द्यायला ती तयार नव्हती, आणि तांदूळही स्वस्तात द्यायला तयार नव्हती. तेव्हा व्यापारमंत्री आर. जी. सेनानायके यांनी थेट पेकिंगशी बोलणी केली आणि डिसेंबर १९५२ मध्ये पाच वर्षांचा करार झाला. चीन दरवर्षी २ लाख ७० हजार टन तांदूळ देणार, सिलोन ५० हजार टन रबर देणार, आणि रबराचा भाव बाजारापेक्षा चढा. कम्युनिस्टविरोधी म्हणून निवडून आलेल्या सरकारने हा करार केला, अमेरिकेने त्यापायी मदत रोखली, तरी तो मोडला नाही. सिलोनला तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळालेले नव्हते, ते १९५५ मध्ये मिळाले, त्यामुळे कोरियन युद्धापायी संघाने चीनवर घातलेल्या व्यापारबंदीचे बंधनही त्याच्यावर नव्हते. ज्याला धागाकर्ते खाण्याचा खर्च म्हणतात, त्या तांदळाने रबराच्या मळ्यांना पाच वर्षे चांगला भाव मिळवून दिला. १९५३ मध्ये रबराच्या पुनर्लागवडीसाठी अनुदानाची योजना सुरू झाली, तीही या निर्यातीच्या भरवशावर.

युद्धातून उरलेल्या आणखी एका मालमत्तेचा उल्लेख करतो, कारण तिच्याशी आपल्याकडचा संबंध आहे. आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी एकला येथे उभारलेले १०० किलोवॉटचे प्रक्षेपण केंद्र सिलोन सरकारला मिळाले. १९५० मध्ये रेडिओ सिलोनने त्यावरून व्यापारी सेवा सुरू केली. दोन वर्षांनी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर दिल्लीत नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हद्दपार झाले; मुंबईत ध्वनिमुद्रित केलेले गाण्यांचे कार्यक्रम विमानाने कोलंबोला जाऊ लागले आणि भारतीय कंपन्यांच्या जाहिरातींचा पैसा त्यांच्यामागून गेला. दुसऱ्याच्या युद्धातून उरलेले यंत्र, परदेशी बाजार आणि मिळकत परकीय चलनात. या बेटाला संधी दिसली की ती पकडता येत होती. म्हणून सरकार नुसते बसून खात होते हे वर्णन मला अन्यायाचे वाटते.

घाटवाट

इतका वेळ सारी चर्चा खर्चाच्या बाजूने झाली. जमेच्या बाजूविषयी कोणी बोलले नाही. चहा, रबर आणि नारळ मिळून सिलोनच्या निर्यातीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग होता, त्यातही चहा सर्वात मोठा. तांदळाची सवलत, गल ओयाचे धरण, कांकेसंतुरैची भट्टी, कन्नंगरांच्या शाळा, या सर्वांचे परकीय चलन आणि निर्यातकराचा पैसा डोंगरातल्या मळ्यांतून येत होता. तो चहा खुडणारी माणसे कोण होती? तामिळनाडूतून पिढ्यान्‌पिढ्या कंगाणींनी (मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांनी) भरती करून आणलेले कामगार, १९४६ च्या जनगणनेप्रमाणे ७ लाख ८० हजार, म्हणजे बेटावरची दर नऊ माणसांमागे जवळजवळ एक.

स्वतंत्र सिलोनने ज्या वर्षी स्वातंत्र्य घेतले त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा करून यांतल्या बहुसंख्यांना परके ठरवले, आणि १९४९ च्या निवडणूक दुरुस्तीने त्यांचे मत काढून घेतले. १९३१ पासून प्रौढ मताधिकाराची सवय असलेले नागरिक, असे धागाकर्त्यांनी अभिमानाने लिहिले आहे. त्या नागरिकांतून या लोकांना वगळले गेले. १९४७ च्या निवडणुकीत पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या पक्षाला ९५ पैकी ४२ जागा मिळाल्या होत्या आणि डोंगराळ मतदारसंघांत मळेकामगारांची मते त्यांच्या विरोधात गेली होती. १९५२ मध्ये ती मते यादीतच नव्हती आणि पक्षाला ५४ जागा मिळाल्या. यंत्रशाळा ज्यांचे कौतुक करतात ते पोन्नम्बलम त्याच मंत्रिमंडळात होते. याच प्रश्नावर तमिळ नेते चेल्वनायकम त्यांच्यापासून वेगळे झाले आणि १९४९ च्या अखेरीस त्यांनी फेडरल पार्टी काढली. उत्तरेला सिमेंटचा कारखाना मिळत असताना डोंगरातल्या तमिळांचे नागरिकत्व जात होते, आणि ही दोन्ही कामे एकाच मंत्रिमंडळाने केली.

मळेकामगारांची मुले मळ्याच्या शाळेत जात. त्या शाळा सरकारी व्यवस्थेबाहेर होत्या आणि सत्तरच्या दशकात सरकारने ताब्यात घेईपर्यंत बहुतेक ठिकाणी प्राथमिक वर्गांच्या पुढे जात नव्हत्या. मोफत शिक्षणाची कीर्ती सांगताना ही मुले मोजलेली नसतात. राहायला ‘लाईन’, म्हणजे एका ओळीत बांधलेल्या, एका कुटुंबाला एक याप्रमाणे दिलेल्या कोंदट खोल्या.

खतावणी म्हणतात, पैसा कारखान्यांत घालायला हवा होता. पाटबंधारे म्हणतात, तांदळात आणि धरणात घातला ते बरे केले. हा पैसा ज्यांच्या श्रमातून आला त्यांना या दोहोंपैकी काय हवे, हे विचारण्याची तरतूदच १९४९ नंतर उरली नव्हती, आणि दोघांच्याही मांडणीत याला जागा नाही.

पाटबंधारे

घाटवाट यांनी लिहिलेले सारे सत्य आहे आणि ते वाचून अस्वस्थ व्हायलाच हवे. तरीही एका बाबतीत मला विरोध नोंदवावासा वाटतो. रेशनचा तांदूळ हीच अशी एक गोष्ट होती जी मळेकामगारालाही मिळत होती. मत गेले, नागरिकत्व गेले, शाळा मिळाली नाही, पण शिधापत्रिका राहिली. १९७३-७४ मध्ये परकीय चलनाच्या टंचाईमुळे रेशन कापले गेले तेव्हा साऱ्या बेटावर मृत्युदर वाढला आणि सर्वाधिक वाढला तो मळ्यांवर. खतावणी यांनी सुचवलेली कपात १९४८ पासून हळूहळू झाली असती, तर तिचा पहिला घाव ज्यांच्या मताची कोणालाच भीती नव्हती त्याच कामगारांवर बसला असता. बंगल्यालाही तोच दर होता हे खरे आहे, पण भेद करायचा अधिकार ज्या कारकुनाच्या हाती गेला असता त्याने नागरिकत्व नसलेल्याचे नाव सर्वात आधी खोडले असते. सर्वांना सारखा तांदूळ देण्यामागे कोणी असा विचार केला होता असे मी म्हणणार नाही. परिणाम मात्र तसा झाला.

खतावणी

पाटबंधारे यांचा हा मुद्दा मी आजवरच्या वाचनात कोठे पाहिला नव्हता आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तरी माझा प्रश्न शिल्लक राहतो. रेशन कापले गेले ते परकीय चलन संपले म्हणून, आणि परकीय चलन संपले ते तीन पिकांवाचून दुसरी कमाई उभी केली नाही म्हणून. मळेकामगाराला १९७४ मध्ये तांदूळ कमी मिळाला, याचे मूळ मी १९५० मध्येच शोधतो. त्या साली रबराच्या तेजीतून आलेल्या पैशाचा एक ठरावीक भाग वेगळा काढून ठेवला असता तर कोणाचेही पोट मारावे लागले नसते. रबराच्या पुनर्लागवडीसाठी असा पैसा वेगळा काढता आला. मग रबरी मालाच्या कारखान्यासाठी का आला नाही?

घाटवाट

याचे उत्तर यंत्रशाळा यांच्या प्रतिसादातच आहे, फक्त त्यांनी ते पुढे नेले नाही. बाजार लहान होता असे ते म्हणतात. तो लहान का होता? बेटाच्या सर्वात मोठ्या उद्योगात रोख मजुरीवर काम करणारे लाखो लोक होते, आणि त्यांची मजुरी इतकी कमी ठेवलेली होती की तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि वर्षाला एखादे कापड यांपलीकडे ते काही विकत घेऊ शकत नव्हते. ज्या रबरी चपला, जो साबण, ज्या काथ्याच्या दोऱ्या खतावणी सुचवतात, त्यांचे गिऱ्हाईक घरात आहे असे ते लिहितात, पण त्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नव्हता. संघटनेच्या बळावर आणि मताच्या जोरावर मजुरी वाढली असती तर एजन्सी कंपन्यांच्या लंडनला जाणाऱ्या लाभांशातला काही भाग बेटावरच्या दुकानांत खर्च झाला असता, आणि छोट्या कारखान्यांना जकातीइतकाच तो आधार ठरला असता. ज्यांना १९४९ मध्ये मतदार म्हणून खोडले, ते गिऱ्हाईक म्हणूनही वाढू शकले नाहीत. माझ्या दृष्टीने उद्योग न उभे राहण्याचे हे मोठे कारण आहे, आणि तांदळाच्या दरापेक्षा ते जुने आहे.

कुशल हातांबद्दलही यंत्रशाळा यांनी लिहिले आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके आणि लालबहादूर शास्त्री यांनी करार केला आणि भारतीय वंशाच्या ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म बेटावरच झाला होता. चहाची लागवड, छाटणी, खुडणी आणि कारखान्यातली वाळवणी यांत अनेक पिढ्या मुरलेली ही कुटुंबे रामेश्वरमच्या धक्क्यावर उतरली, आणि १९६८ पासून तामिळनाडू सरकारने त्यांच्यातल्या अनेकांना नीलगिरीत नेऊन त्यांच्या हातून सरकारी चहामळे उभे केले. कोटगिरी, कुन्नूर, गुडलूर या भागांत ते आजही चालू आहेत. सिलोनने भांडवल कोठे घालवले याचा हिशेब मांडायचा असेल, तर खतावणी यांनी त्यात ही नोंदही घ्यावी.